फेब्रुवारीत साइन झालेला दोन स्टारवाला: खूश व्हायचं की कपाळावर हात मारायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत एमएस करणारा आपला एक मुलगा, आला तेव्हा फक्त क्रिकेट माहीत, आता दोन वर्षांत पक्का कॉलेज फुटबॉलवेडा झालाय (अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती बॉलवाला). तो विचारतोय की आमच्या टीमने फेब्रुवारीत अगदी शेवटच्या दिवशी एक ऑफेन्सिव्ह लाईनमन (समोरच्यांना अडवून वाट करून देणारा) साइन केला, म्हणजे हायस्कूलमधून स्कॉलरशिप देऊन घेतला, रिक्रूटिंग साइट्सचं रेटिंग पाचपैकी दोन स्टार, दुसरी ऑफर एकच आणि तीही एका छोट्या कॉलेजची. ग्रुपवर अर्धे लोक 'वेलकम टू द फॅमिली' करतायत, अर्धे म्हणतायत जागा फुकट घालवली. दादा तुम्ही या धंद्यात आहात, नेमकं काय समजायचं?

आधी माझं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा सोलापूरचा, गेली सोळा वर्षं डॅलसच्या बाजूच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि शेवटची बेल झाली की फुटबॉलच्या स्टाफवर असतो. टेक्ससमध्ये हायस्कूलचे कोच म्हणजे बहुतेक शाळेतलेच मास्तर असतात, मी सुरुवातीला फक्त कॅमेरा धरायला गेलो होतो, मग टेप म्हणजे मॅचचे व्हिडिओ कापायला लागलो, मग कॉलेजचे कोच आले की त्यांच्याशी बोलायचं काम हळूहळू माझ्याकडेच आलं कारण पोरांचे मार्क मला पाठ असतात. आत्तापर्यंत बरीच पोरं कॉलेजला गेलेली बघितली, त्यातली चार जण तुझ्या या पोरासारखी, शेवटच्या डब्यात चढलेली. तर उत्तर असं की खूश हो, पण तुमच्या ग्रुपवरचे लोक ज्या कारणासाठी खूश होतायत त्या कारणासाठी नको.

पहिलं ते स्टारचं प्रकरण. स्टार देणारे लोक अडाणी नाहीत, हे मी फॅन असताना नाही, कोच झाल्यावर कबूल केलं. पाच स्टारवाला पोरगा बघितला की तुला मला पण कळतं की हे काहीतरी वेगळंच आहे, आमच्याविरुद्ध एकदा एक असा डिफेन्सिव्ह एंड खेळला, पूर्ण रात्र त्याला अडवायला असलेला आमचा लाईनमन, डावा टॅकल, त्याच्या पाठीकडेच बघत होता. पण मुद्दा संख्येचा आहे. सगळ्या अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळणारी पोरं दहा लाखांच्या घरात, वरच्या लेव्हलच्या कॉलेज टीम २०२५ च्या सीझनला १३६. २४७ स्पोर्ट्स ही स्टार देणारी साइट साधारण ३२ जणांना पाच स्टार देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, पहिल्या राउंडला ३२ जण जातात, म्हणजे त्यांचा हिशोब सरळ आहे की हे पोरगं पहिल्या राउंडचं वाटतं का. वरचे काही शे लोक ते खरंच नीट बघतात. त्याच्या खाली मग काय, एक माणूस, त्याच्याकडे दोन-तीन राज्यं, आणि इनबॉक्समध्ये शेकडो टेप. तिथे दोन स्टारचा अर्थ 'वाईट खेळाडू' असा नसतो रे, बरेचदा 'आम्ही बघितलं नाही, पण साइन झालाय म्हणून काहीतरी लिहायला पाहिजे' असा असतो. आणि अजून एक गंमत, मोठ्या कॉलेजची ऑफर आली की त्याच पोराचं रेटिंग महिन्याभरात वर सरकतं. पोरगं तेच, टेप तीच. म्हणजे ऑफर बघून स्टार आणि स्टार बघून फॅन लोक ऑफरची किंमत करणार, असं हे गोल गोल.

आता उशीर. तुला आपल्याकडच्या भाषेत सांगतो, हे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडसारखं आहे. पहिल्या राउंडला टॉपर उचलले जातात, मग दुसरा, तिसरा, आणि शेवटी तो स्पॉट राउंड, जिथे बाप हातात डिमांड ड्राफ्ट घेऊन कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये उभा. फेब्रुवारी म्हणजे स्पॉट राउंड. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी सगळेच फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी साइन करायचे, पत्र फॅक्सने जायचं, मोठमोठ्या टीमचे हेड कोच सकाळी सातला फॅक्स मशीनभोवती उभे. २०१७ च्या डिसेंबरपासून अर्ली साइनिंग सुरू झालं आणि बघता बघता जवळपास सगळा बाजार डिसेंबरमध्येच उठायला लागला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते साइनिंगचं जुनं पत्रच बंद झालं, आता सरळ आर्थिक मदतीचा करार असतो. तर फेब्रुवारीत उरतात ती पोरं कुठली? काही मार्कांमुळे अडकलेली, काही कोणीतरी शब्द देऊन फिरवलेली, आणि काही कोणी बघितलीच नाहीत अशी.

न बघण्याची कारणं ऐक, कारण इथेच खरा मसाला आहे. कॉलेजवाले बघतात ती टेप अकरावीची. अकरावीचा सीझन, मग एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत त्यांचे कोच शाळाशाळांत फिरतात, मग जूनमधले कॅम्प, आणि जुलैपर्यंत बऱ्यापैकी जागा तोंडी भरलेल्या. म्हणजे एखाद्या पोराचा अकरावीत घोटा मोडला की त्याची गाडी सुटली, मग बारावीत तो हत्ती का होईना. दुसरं म्हणजे उशिरा वाढणारी पोरं. माझ्या बीजगणिताच्या वर्गात नववीत पहिल्या बाकावर बसणारं एक बुटकं पोरगं बारावीत दारातून वाकून यायचं. तिसरं, शाळा कसला खेळ खेळते ते. कॅम वॉर्ड बघ, २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमधला पहिला नंबर. तो आमच्याच टेक्ससचा, वेस्ट कोलंबिया नावाच्या गावातला, पण त्याची शाळा विंग-टी खेळायची, ज्यात बॉल हातातून हातात द्यायचा आणि पळायचं. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, पास टाकतच नसेल तर टेपमध्ये काय दिसणार, कपाळ? एकही स्टार नाही, ऑफर एकच, सॅन अँटोनिओच्या इन्कार्नेट वर्डची. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, मग पहिला नंबर. आणि चौथं कारण नशीब. २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या जूनपर्यंत कोविडमुळे कॉलेज कोचेसना पोरांना प्रत्यक्ष भेटायलाच बंदी होती, त्या दोन बॅचेसची किती पोरं वाहून गेली देव जाणे.

आता ते नाव, जे तुमच्या ग्रुपवर पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी घेतलंच असणार. ब्रॉक पर्डी.

पर्डी ॲरिझोनातल्या गिल्बर्टच्या पेरी हायस्कूलचा. ते अर्ली साइनिंग पहिल्यांदा आलं ना, त्याच वर्षीचा हा, आणि डिसेंबरला तो बिनसाइनचाच राहिला. उंची बेताची, हात काही तोफ नाही, मोठ्या टीमचं लक्ष दुसरीकडे. शेवटच्या काही आठवड्यांत एकदम चक्र फिरली, आयोवा स्टेट, टेक्सस ए अँड एम आणि चक्क अलाबामा, आणि पोरगं फेब्रुवारी २०१८ मध्ये आयोवा स्टेटला साइन झालं. लोकांना हा भाग आठवत नाही, त्यांना वाटतं त्याला कोणीच विचारलं नव्हतं. विचारलं, पण वरातीमागून घोडं. एम्सला, म्हणजे आयोवा स्टेटच्या गावी, पोचला तेव्हा तो तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक. ऑक्टोबरमध्ये स्टिलवॉटरला ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध कोच मॅट कॅम्बेलने त्याला बेंचवरून उतरवला, ४८-४२ ने जिंकले, आणि मग ती जागा चार वर्षं कोणाला मिळाली नाही. २०२१ च्या जानेवारीत ओरेगनला ३४-१७ हरवून फिएस्टा बोल. मग २०२२ चा ड्राफ्ट, तिथे पण शेवटून पहिला, २६२ वा, ज्याला ते मिस्टर इर्रेलेव्हंट, म्हणजे बिनमहत्त्वाचा, म्हणून चिडवतात. आणि २०२५ च्या मेमध्ये त्याच्या एनएफएल टीमने, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी, त्याच्याशी पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार केला.

अशी नावं मी दिवसभर सांगू शकतो. जे. जे. वॉट दोन स्टारवाला टाइट एंड, सेंट्रल मिशिगन सोडून घरी आला, पिझ्झा हटची डिलिव्हरी करत होता, मग विस्कॉन्सिनला स्कॉलरशिपशिवाय, म्हणजे वॉक-ऑन म्हणून गेला. जॉश ॲलनने कॅलिफोर्नियाच्या शेतातल्या गावातून ज्युनिअर कॉलेजला जाऊन देशभरच्या कोचेसना इमेल टाकल्या, पदरात पडलं वायोमिंग. तुझा लाईनमन आहे म्हणून एरिक फिशर लक्षात ठेव, मिशिगनमधला दुर्लक्षित पोरगा, गेला सेंट्रल मिशिगनला, २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. आणि सगळ्यात ताजा फर्नांडो मेंडोझा, मायामीचा, येलला जायचं ठरवून बसलेला, अगदी शेवटी कॅलिफोर्नियाची म्हणजे बर्कलीची ऑफर आली म्हणून तिकडे गेला, मग इंडियाना, आणि कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची २०२५ ची हाइजमन ट्रॉफी घेऊन गेला.

पण. हा पण मोठा आहे.

ही नावं आपल्याला पाठ का आहेत? कारण ती थोडी आहेत. दोन स्टारवाली बाकीची पोरं कुठे गेली ते कोणी लिहीत नाही. त्यातली कितीतरी चार वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर धावून सराव करून देतात, किकऑफला पळतात, डिग्री घेतात आणि विमा विकतात, यात काही वाईट नाही. पाच स्टारवाला एनएफएलला जाण्याची शक्यता दोन स्टारवाल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त असते, हे मान्य न करता जो फॅन 'स्टार बकवास आहे' म्हणतो तो उंटावरून शेळ्या हाकतोय. स्टार गठ्ठ्याबद्दल बरोबर सांगतात. एका पोराबद्दल फार कमी सांगतात. आणि तुझ्या हातात तर एकच पोरगा आहे ना.

मग त्या एका पोराबद्दल काय बघायचं? मी तुझ्या जागी असतो तर आधी बघितलं असतं की ऑफर नेमकी कधी आली आणि त्याच्या आधीच्या दहा दिवसांत तुमच्या टीममध्ये काय झालं. कोणी कमिट केलेला टॅकल फ्लिप होऊन दुसरीकडे गेला? लाईनचा कोच बदलला? दोन लाईनमन पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, गेले? जागा रिकामी झाली म्हणून घाईत भरली, तर ती गरजवंताची खरेदी आहे, आणि गरजवंताला अक्कल नसते असं आपल्यात म्हणतातच. पण नवीन लाईन कोच आला आणि आल्या आल्या त्याने हे पोरगं उचललं असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग तो आधीच्या नोकरीत असल्यापासून या पोराच्या मागे असण्याची शक्यता खूप. ती दुसरी छोटी ऑफर होती ना, ती कुणाची? त्या छोट्या कॉलेजचा कोच लाईनमन घडवण्यात नावाजलेला असेल तर मला ती एक ऑफर पाच मोठ्या ऑफरींपेक्षा जास्त पटते, कारण छोट्या कॉलेजला चुकणं परवडत नाही.

आणि जागेची किंमत समजून घे, 'जागा फुकट घालवली'वाल्यांचा मुद्दा पूर्ण चूक नाहीये. पूर्वी ८५ स्कॉलरशिप असायच्या आणि वर वॉक-ऑन हवे तेवढे, शंभर-सव्वाशे पोरं सहज. २०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या त्या हाउस खटल्याच्या तडजोडीला कोर्टाने मंजुरी दिली, तेव्हापासून ती मान्य केलेल्या कॉलेजना एकूण १०५ डोकी, संपला विषय. वर खेळाडूंना वाटायला पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. त्यात पोर्टल. कोचला आज बावीस वर्षांचा, दाढी आलेला, तीस मॅच खेळलेला टॅकल पैसे टाकून मिळतो. असं असताना त्याने फेब्रुवारीत एक अठरा वर्षांचं पोरगं १०५ मध्ये बसवलं, याचा अर्थ एकतर बजेट संपलं होतं, किंवा त्याला खरंच काहीतरी दिसलं. लाईनमनच्या बाबतीत मी दुसऱ्या शक्यतेवर पैसे लावीन. क्वार्टरबॅक, रिसीव्हर (पास झेलणारा) तयार विकत घेता येतो. लाईनमन बनायला तीन वर्षं, पन्नास-साठ पौंड आणि भरपूर भात लागतो.

ते 'काहीतरी दिसणं' कसं असतं ते सांगतो. आमचा एक पोरगा, राइट टॅकल. अकरावीच्या दुसऱ्याच मॅचला घोटा गेला, सीझन संपला. बारावीत मस्त खेळला पण तोपर्यंत सगळ्यांच्या याद्या भरलेल्या. डिसेंबरमध्ये शाळेच्या लायब्ररीत तिघांचं साइनिंग झालं, हा मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता, मला त्याच्याकडे बघवेना. जानेवारीत एका कॉलेजचा असिस्टंट कोच आमच्या दहावीतल्या एका रिसीव्हरसाठी आला. आमच्या वेट रूमकडे जाताना मध्ये बास्केटबॉल जिम लागतं, तिथे हा पोरगा प्रॅक्टिस करत होता. तो माणूस दारात थांबला. मी बोलतोय, रिसीव्हरचे मार्क सांगतोय, त्याचं लक्षच नाही. पावणेतीनशे पौंडाचं पोरगं बचावाला आडवं सरकत होतं आणि त्याचे पाय एकदाही एकमेकांवर आले नाहीत, बुटांचा चुकचुक आवाज पण होत नव्हता. दहा मिनिटांनी तो म्हणाला, हा कोण? मी सांगितलं. मग त्याने जे केलं ते मी आजवर विसरलो नाही. तो कॅन्टीनमध्ये गेला आणि ताट गोळा करणाऱ्या बाईंना विचारलं, हा पोरगा कसा आहे? त्या म्हणाल्या, स्वतःचं ताट आणून देतो, आणि टेबलावरच्या दुसऱ्यांचं पण. मग माझ्याकडे घोट्याच्या एक्स-रेचे कागद मागितले, पोराच्या मनगटाची जाडी बघितली, आई किती उंच आहे विचारलं. रात्रीची बास्केटबॉल मॅच बघायला परत आला, पॉपकॉर्न घेऊन एकटाच वर बसला.

दोन आठवडे काहीच नाही. मग त्यांचा एक टॅकल फ्लिप झाला आणि शनिवारी फोन आला. बुधवारी साइनिंग. मोठ्या पोरांचं कसं असतं, टेबलावर चार टोप्या मांडतात, एकीकडे हात नेतात, कॅमेरे वळले की दुसरीच उचलतात. आमच्याकडे टोपी एकच, आणि ती पण वेळेत आली नाही. आई हॉस्पिटलात रात्रपाळी करून आली होती, तिने शाळेच्या प्रिंटरवर लोगो काढला, कात्रीने कापला आणि साध्या काळ्या टोपीवर सेफ्टी पिनने लावला. प्रिंटरमधली शाई संपत आली होती त्यामुळे लाल रंग गुलाबी आला. फोटो तसाच गेला.

आणि आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग, ते वेलकम. हे मी फॅन लोकांना सांगायला कित्येक वर्षं थांबलोय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरगा माझ्या वर्गात आला, माझ्या टेबलावर कोपर टेकून फोन वाचत बसला. सगळं वाचतात पोरं. 'आम्ही वाचत नाही' म्हणणारा खोटं बोलतो, आणि आया तर दुप्पट वाचतात. 'हा कोण?' लिहिणाऱ्यांचं त्याला काही वाटलं नाही, तो म्हणाला, बरोबरच आहे की, मी कोण हे त्यांना कुठे माहितीय. त्या गुलाबी लोगोवरचे जोक आईने बघितले ते त्याला लागलं. पण त्याला सगळ्यात जास्त खटकलं ते चांगलं बोलणाऱ्यांचं. 'जगाला दाखवून दे', 'तुला नाकारणाऱ्यांना पस्तावायला लाव', 'असेच भुकेले पोरं आम्हाला हवेत', आणि पन्नास जणांनी तेच तेच, पुढचा जे. जे. वॉट. मला म्हणाला, कोच, मला कोणाला काही दाखवायचं नाहीये. मला नाकारलं कोणी? त्यांनी बघितलंच नव्हतं. हे लोक माझ्याशी असं बोलतायत जसं माझं काहीतरी बिघडलेलं आहे आणि तरी त्यांनी मोठ्या मनाने घरात घेतलं.

मी गप्प. कारण मी पण त्याला सकाळी साधारण तेच ऐकवलं होतं.

मग त्याने एक कमेंट दाखवली. कोणी अनोळखी माणसाने लिहिलेली, त्यात वेलकम वगैरे शब्द नव्हताच. लिहिलं होतं की टेपच्या चौथ्या मिनिटाला बघा, हा ब्लॉक करून पडतो, बॉल तीस यार्ड पुढे गेलाय, हा उठतो आणि मागून धावत जाऊन सेफ्टीला, म्हणजे समोरच्यांच्या सगळ्यात मागच्या बचावपटूला, आडवा येतो, रनरला कळलं पण नसेल. फक्त एवढंच. पोरगा म्हणाला, कोच, हा प्ले तुम्ही टेपमध्ये टाकू नको म्हणत होतात, मी हट्टाने टाकला. खरं होतं, मला वाटलेलं की त्यात तो पडताना दिसतो, ते बरं दिसत नाही. तो स्क्रीनशॉट त्याच्याकडे चार वर्षांनी पण होता, मध्ये दोन फोन बदलले तरी.

पुढे त्याचं काय झालं विचारशील. पहिल्या वर्षी रेडशर्ट, म्हणजे चार मॅचपर्यंत खेळलं तर वर्ष मोजत नाहीत त्या नियमात बसवला. दुसऱ्या वर्षी फील्ड गोलच्या लाईनमध्ये, तिसऱ्या वर्षी दुखापतींमुळे जागा झाली, मग शेवटच्या दोन सीझनमध्ये मिळून अकरा मॅच स्टार्ट केल्या. एनएफएल नाही. आता ओक्लाहोमाला पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, मला सणाला फोन करतो, त्याला दिवाळी कधी असते ते बरोबर माहीत असतं.

दुसरा एक होता, त्याचं वाईट झालं, आणि त्यात माझा पण हात आहे. रिसीव्हर, तो पण असाच फेब्रुवारीत उशिरा गेलेला. तिथल्या फॅन लोकांनी उलट केलं, त्याला डोक्यावर घेतलं, रिक्रूटिंगमधला सगळ्यात मोठा डल्ला, कोळशातला हिरा, पहिल्याच सीझनला स्टार्ट करणार. कॅम्पमध्ये त्याच्या हातातून दोन सोपे बॉल सुटले आणि तेच लोक ऑगस्टमध्ये म्हणायला लागले, दोन स्टारवाला शेवटी दोन स्टारवालाच. पोरगा ऑक्टोबरमध्ये घरी. मला माहीत होतं की तो आयुष्यात दोन रात्रींपेक्षा जास्त घराबाहेर राहिलेला नाही, आजीला सोडून कधी झोपलेला नाही, आणि मी त्या कोचला सांगितलं नाही कारण मला भीती वाटली की ऑफर जाईल. चाळीस यार्डांची वेळ मी दशांशात सांगितली, हे नाही सांगितलं. अजून डोक्यातून जात नाही ते.

म्हणून तुला सांगतो, तुमच्या ग्रुपवर त्याचा पर्डी करू नका. मेंडोझा पण नको. आणि पहिले दोन सीझन त्याच्याबद्दल मतच बनवू नका, लाईनमनला दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. त्याला बघायचंच असेल तर पुढच्या वर्षी एप्रिलमधल्या सराव मॅचला जा, बॉलकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघ, सुरुवातीला कंटाळा येईल, वीस मिनिटांनी मजा यायला लागते. त्याआधी त्याची टेप बघ, हडल या व्हिडिओच्या साइटवर नाव टाकलं की फुकट मिळते. पहिले सात-आठ प्ले सोडून दे, ते सगळे मीच किंवा माझ्यासारख्या कोणी निवडून पुढे लावलेले असतात, त्या शितावरून भाताची परीक्षा करू नको. मधून सुरू कर. शिट्टी वाजायच्या आधीचे शेवटचे दोन सेकंद तो काय करतो ते बघ. पूर्ण मॅचची टेप मिळाली तर चौथा क्वार्टर, टीम हरत असताना. काही दिसलं तर ते लिही ग्रुपवर, कितव्या मिनिटाला ते पण लिही. काही नाही दिसलं तर गप्प बस, तेही चालतं.

आणि हो, त्याचं आडनाव तू तुझ्या मेसेजमध्ये दोनदा लिहिलंयस, दोन्ही वेळा वेगळं. टाकण्याआधी रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, बघून घे.